घड्याळ बिघडलंय, कॉम्प्युटर नाही

तुमच्या ओळखीत असा एक कॉम्प्युटर नक्की असेल. आत्याच्या घरी, गावच्या शाळेत, नाहीतर तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. सकाळी चालू केला की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची १ जानेवारी. सुरू होतानाच काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येते आणि एफ१ दाबा म्हणते. ब्राउझर उघडला की बँकेपासून बातम्यांपर्यंत सगळ्या साइट्सवर धोक्याचा इशारा. घरातलं कोणीतरी रोज तारीख दुरुस्त करतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एक दिवस कोणीतरी जाणकार येतो आणि निकाल देतो, "म्हातारा झालाय. काढून टाका, नवीन घ्या."

मला या निकालाशी भांडायचंय.

कारण वर सांगितलेली सगळी लक्षणं बहुतेक वेळा एकाच आजाराची असतात, आणि त्या आजाराचं औषध ४०-५० रुपयांना मिळतं. मदरबोर्डवर बसवलेला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. बस. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला म्हणून आपण घड्याळ भंगारात देत नाही. कॉम्प्युटर मात्र देतो. का देतो, त्यात कोणाचा फायदा आहे आणि माझ्या व्यवसायातले लोक, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे, त्याला कसा हातभार लावतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आत नेमकं काय असतं

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये बंद असताना चालणारं घड्याळ नव्हतंच. मशीन सुरू केलं की ते तारीख आणि वेळ विचारायचं, तुम्ही टाइप करायची. १९८४ च्या पीसी एटी मॉडेलमध्ये मोटोरोलाची एक चिप आली. तिच्यात ६४ बाइट्सची चिमुकली मेमरी होती. त्यातले १४ बाइट घड्याळासाठी, उरलेले ५० सेटिंग्ज लक्षात ठेवायला. वीज गेली तरी हे सगळं टिकावं म्हणून सोबत बॅटरी. आज तुमच्या टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये ही वेगळी चिप नसते, तिचं काम मोठ्या चिपसेटमध्ये सामावलंय. पण रचना तीच आहे. चाळीस वर्षं झाली, बॅटरीवर चालणारं ते छोटं घड्याळ अजून तिथेच आहे.

त्याचं हृदय म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. हा आकडा इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल, कारण तो दोनचा पंधरावा घात आहे. एकामागे एक १५ फ्लिप-फ्लॉप जोडले की प्रत्येक जण आकडा निम्मा करत जातो आणि शेवटी सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. आम्ही परीक्षेत हे काउंटर काढून मार्क मिळवले. पण चार वर्षांत एकदाही कोणी कॉम्प्युटरचं झाकण उघडून "तो बघा, इथे आहे तो" असं दाखवलं नाही.

हा स्फटिक अचूक असतो, पण देव नसतो. दहा लाखांत २० भागांची चूक ही त्याच्यासाठी साधी गोष्ट. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास एक मिनिट. म्हणून तर नेटवर्कवरून वेळ जुळवून घ्यावी लागते. त्याची पद्धत, एनटीपी, डेव्हिड मिल्स या अमेरिकन प्राध्यापकांनी घालून दिली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा, आणि आजही जग त्याच पद्धतीवर वेळ मिळवतं.

आता तो सेल. त्याचं नाव सीआर२०३२. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. लिथियमचा, ३ व्होल्टचा, साधारण २२५ मिलिअँपिअर-तासांचा. घड्याळाची भूक काही मायक्रोअँपिअरची. तीन धरले तर ७५,००० तास होतात, म्हणजे साडेआठ वर्षं. प्रत्यक्षात कमी-जास्त होतं, आणि कमी होण्यामागे आपल्याकडचं एक खास कारण आहे. डेस्कटॉप बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेल तर पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा देत राहतो. घड्याळ त्यावर चालतं आणि सेलला हात लागत नाही. आपण मात्र रात्री भिंतीवरचं बटण बंद करूनच झोपतो. शाळेत तर मेन स्विच खाली ओढून कुलूप लावतात. मे महिन्यात दीड महिना सगळं बंद. त्या सगळ्या काळात तो बिचारा सेल एकटा लढत असतो. बटण बंद करणं चूक नाही, विजा पडतात, व्होल्टेज वरखाली होतं. फक्त त्या सवयीची किंमत म्हणून काही वर्षांनी ५० रुपयांचा सेल बदलावा लागतो, एवढंच कोणी सांगत नाही.

निदान कसं करायचं

वेळ चुकते म्हणजे सेल गेला, असंही नाही. चूक कशी होते ते आधी बघायचं.

घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकत असेल तर सेलला हात लावू नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. दोघांत फरक साडेपाच तासांचा, कारण आपली प्रमाणवेळ तेवढीच पुढे आहे. एका सेटिंगचं काम आहे.

मशीन चालू असतानाच घड्याळ हळूहळू भरकटत असेल तर नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा बंद पडली आहे का ते बघा.

मशीन बंद करून उघडल्यावर वेळ काही तासांनी मागे राहते, चालू असताना मात्र ठीक असते? सेल अखेरच्या घटका मोजतोय.

आणि तारीख थेट कित्येक वर्षं मागे, कुठल्यातरी १ जानेवारीला जात असेल तर सेल संपला. ती तारीख बहुधा बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये कारखान्यात लिहून ठेवलेली असते. मशीनला काहीच आठवत नाही, म्हणून ते जन्मतारीख सांगतं.

बदलायला लागतं काय? एक स्क्रू ड्रायव्हर. प्लग काढा, फक्त बटण बंद करून भागवू नका. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. झाकण उघडा. सेल बहुतेकदा डोळ्यांसमोरच दिसतो. बाजूची छोटी पट्टी दाबली की तो उसळून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग चालू करून बायोसमध्ये जा, तारीख-वेळ घाला, सेव्ह करा.

इथे एक खोच आहे, आणि याच खोचेवर कित्येक निरोगी मशीन मृत घोषित होतात. सेल संपला की घड्याळाबरोबर जुन्या बोर्डांची सेटिंग्जही पुसली जातात. हार्डडिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं हे त्यातलंच एक. ते मूळपदावर गेलं की विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन देऊन मरतं. समोरचा माणूस म्हणतो, "हार्डडिस्क गेली." हार्डडिस्क ठणठणीत असते. बायोसमध्ये त्या एका ओळीवर जाऊन पर्याय पूर्वीसारखा केला की मशीन उठून बसतं. म्हणून मशीन चालतंय तोवर बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

संपलं. एवढं वाचून तुम्हाला जे कळलं, ते कळलेला माणूस प्रत्येक तालुक्यात असायला हवा. तसा तो असतोही. मग निकाल चुकीचे का लागतात?

२८ हजारांचा निकाल

माझ्या ओळखीचे एक काका तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, दशक्रियेची निमंत्रणं. त्यांचा डेस्कटॉप २०११ चा. तारीख मागे जायला लागली, मग पत्रिकांचं सॉफ्टवेअर लायसन्स मान्य करेना. तारीख मागे गेली की लायसन्स तपासणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं, कोणीतरी मुद्दाम घड्याळ फिरवून फसवतंय. काकांनी एका दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेलं. तिथे सांगितलं, मदरबोर्ड गेला, एवढ्या जुन्याचे पार्ट येत नाहीत, नवीन २८ हजारांत बसवून देतो.

काकांकडे २८ हजार नव्हते, म्हणून मशीन वाचलं. ते रोज सकाळी दुकान उघडून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तारीख टाइप करायचे आणि मग काम सुरू करायचे. म्हणजे १९८१ सालच्या पीसीचा रिवाज त्यांनी दोन महिने पाळला.

मी सेल काढून मल्टिमीटर लावला. ३ व्होल्टच्या जागी १.९.

"काका, बोर्डाला काही झालेलं नाही. सेल संपलाय."

"सेल? रिमोटमध्ये असतो तसला?"

"त्याचाच भाऊ. वजनकाट्यात असतो तो."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, मग तो मला २८ हजार कशाचे सांगत होता?"

त्या दुकानदाराला मी चोर म्हणणार नाही. सेल बदलून त्याला सुटतात दहा रुपये, वर शंभर रुपये मजुरी मागितली तर गिऱ्हाईक कटकट करतं. नवं मशीन विकलं तर दोन-तीन हजार सुटतात. योग्य निदानाला आपण पैसे देत नाही, वस्तूला देतो. मग तो वस्तू विकतो. याला मी व्यवस्था म्हणतो आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

आणि काकांच्या मशीनमध्ये फक्त मशीन नव्हतं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या पंधरा वर्षांच्या फायली होत्या. त्या फॉन्टमध्ये अक्षर स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. फॉन्ट आणि ते जुनं सॉफ्टवेअर गेलं की "श्री गणेशाय नमः" च्या जागी चिन्हांचा कचरा उरतो. तालुक्यातल्या संस्थांचे अहवाल, बंद पडलेल्या पाक्षिकांचे अंक, स्थानिक कवींची पुस्तकं अशा फायलींमध्ये पडून आहेत. मराठी भाषा वाचवायच्या गप्पा व्यासपीठांवर होतात. तिचा बराचसा छापील ऐवज मात्र अशा कॅबिनेटांमध्ये आहे आणि त्यांच्या आयुष्याचा निर्णय ५० रुपयांच्या सेलवर अडकलाय.

बनवणाऱ्यांनी काय केलं

सेल बदलता येणारा असावा ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डॅलस सेमिकंडक्टर या कंपनीने डीएस१२८७ नावाचा भाग आणला. त्यात घड्याळाची चिप, स्फटिक आणि बॅटरी तिन्ही एकाच काळ्या ठोकळ्यात इपॉक्सीने सीलबंद केलेली होती. बोर्ड बनवणाऱ्याला सोय, जागा कमी, आणि विजेविना दहा वर्षांची हमी. दहा वर्षं म्हणजे आपल्या नंतरचा प्रश्न, असं सगळ्यांनी धरलं. आज जुनी मशीन जपणारे लोक तो ठोकळा कानशीने नाहीतर छोट्या ग्राइंडरने खरवडतात, आतल्या मेलेल्या बॅटरीच्या तारा तोडतात आणि बाहेरून सीआर२०३२ चा होल्डर डकवतात. त्याच काळात दुसऱ्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमच्या नळकांड्या सोल्डर केलेल्या असायच्या. त्या गळल्या की आतला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकायचा. तिथे सेल मेला की खरंच बोर्डही मरायचा.

नंतर उद्योगाला शहाणपण सुचलं. होल्डर आला, ठरलेल्या मापाचा सेल आला. तपकीर गल्लीत मिळेल, लॅमिंग्टन रोडला मिळेल, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतही मिळेल. माझ्या मते त्या आख्ख्या बोर्डावरचा हा सर्वांत सभ्य भाग आहे. तो कबूल करतो की मी संपणार आहे, आणि मी संपल्यावर मला बदलायची सोय ही इथे.

मग लॅपटॉप आले आणि शहाणपण परत गेलं. अनेक लॅपटॉपांमध्ये तोच सीआर२०३२ दोन तारा जोडून, प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळून, मॉडेलप्रमाणे बदलणाऱ्या कनेक्टरला लावलेला असतो. कित्येकदा तो बोर्डाच्या पालथ्या बाजूला असतो, म्हणजे नाण्याएवढ्या सेलसाठी की-बोर्ड, पंखा, सगळा संसार उचकटायचा. यात तंत्रज्ञानाची सक्ती फारशी नाही, कारण ज्यांना सोय ठेवायची असते ते ठेवतात. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत लिहून टाकलं की १८ फेब्रुवारी २०२७ पासून यंत्रांमधल्या छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. कायद्याने म्हटलं की अशक्य गोष्टी शक्य होतात.

आपल्याकडे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पण त्यांचा भर वस्तू मोडून त्यातला धातू काढण्यावर आहे. वस्तू मोडायची वेळच येऊ नये यावर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेला कुठे जातो हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये बघायला मिळतं.

आणि माझी जमात

आता घरचा आहेर. बोर्ड बनवणारे निदान होल्डर तरी देतात. सॉफ्टवेअरवाले काय देतात?

घड्याळ फार चुकलेलं असेल तर एनटीपीचा मूळ प्रोग्रॅम, एनटीपीडी, ते दुरुस्त करायला नकार देतो. मूळ सेटिंगमध्ये मर्यादा १,००० सेकंदांची. त्याहून जास्त फरक दिसला की तो लॉगमध्ये एक ओळ लिहून स्वतःच बंद होतो. घरगुती विंडोजमध्ये ही मर्यादा ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची. दोन मिनिटं चुकलेल्याची वेळ आपोआप सुधारते, दहा वर्षं चुकलेल्याला मात्र दार बंद. यामागे कारण आहे: कोणी खोटा सर्व्हर उभा करून तुमचं घड्याळ वाटेल तिथे फिरवू नये. मर्यादा काढायचे पर्यायही आहेत. पण ते ज्याला माहीत आहेत त्याला मदतीची गरज नसते. सर्वांत मागे पडलेल्यालाच मदत नाकारायची आणि तो नकारही त्याला न दिसणाऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा, ही आमची शिष्टाई.

वेबसाइटचं तेच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर कधीपासून आणि कधीपर्यंत अशा दोन तारखा असतात. तुमचं मशीन २००९ सालात असेल तर त्याच्या दृष्टीने जगातली झाडून सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मलेली नाहीत. काही ब्राउझर आता स्पष्ट सांगतात की तुमचं घड्याळ मागे आहे. छान करतात. बाकी कित्येक ॲप "काहीतरी चुकलं" म्हणतात. "काहीतरी चुकलं" हे वाक्य लिहिणाऱ्याला ठाऊक असतं काय चुकलं ते. त्याच्या हातात नेमका एरर कोड असतो. तो वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची तसदी घेतली जात नाही, आणि त्या न घेतलेल्या तसदीची किंमत काका २८ हजारांत मोजणार होते.

बरं, घड्याळ बरोबर लावलं तरी सुटका आहे? लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सर्टिफिकेट देणारी संस्था ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटचा आधार घेत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. वेळ अगदी बरोबर दाखवणारी, पण अपडेट न मिळालेली कित्येक मशीन त्या दिवशी बऱ्याच वेबसाइट्सना मुकली. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्याच संस्थेने जुन्या अँड्रॉइड फोनांसाठी वेगळी तजवीज करून ते आणखी तीन वर्षं चालतील असं बघितलं. फायरफॉक्स स्वतःची मूळ सर्टिफिकेटं सोबत घेऊन फिरतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम जुनी असली तरी त्याचं अडत नाही. जुन्याचा विचार करायचा ठरवला तर करता येतो. न करणं हा निर्णय असतो.

१ जानेवारी १९०६ ला देशभर भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईने ती सहजासहजी मानली नाही. ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. हट्ट गैरसोयीचा होता, पण त्यात एक प्रश्न होता: आमची वेळ ठरवणारे तुम्ही कोण? आज एक कंपनी जाहीर करते की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. पुढची आवृत्ती हवी तर टीपीएम २.० हवं आणि प्रोसेसर साधारण २०१७ नंतरचा हवा. आदल्या रात्री धडधाकट असलेली कोट्यवधी मशीन सकाळी 'जुनी' होतात. त्यांच्यात एक स्क्रूही ढिला झालेला नसतो. आणि तो प्रश्न आता कोणी विचारत नाही.

"पण व्यवहार बघ ना"

मित्र म्हणतात, तुझ्या एका तासाचे पैसे त्या मशीनपेक्षा जास्त आहेत. असतील. पण हा हिशोब माझ्या तासाचा आहे, काकांच्या २८ हजारांचा नाही. शहरातल्या पगाराच्या मापाने गावातल्या वस्तू मोडीत काढायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो खरा आहे. आधार संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. मी करा म्हणत नाही. पण पत्रिका छापणाऱ्या मशीनला इंटरनेट लागतंच असं नाही, नेटची तार काढून ठेवा. शाळेतल्या मशीनवर हलकं लिनक्स घाला, त्याला आजचे सुरक्षा अपडेट मिळतात. 'असुरक्षित' आणि 'निरुपयोगी' हे दोन वेगळे शब्द आहेत. विकणारे ते मुद्दाम एकत्र उच्चारतात.

तिसरा आक्षेप विजेचा. जुना डेस्कटॉप नव्या लॅपटॉपपेक्षा जास्त वीज खातो, मान्य. दिवसभर चालणाऱ्या मशीनसाठी हा हिशोब जरूर करा, आणि त्यात नवं मशीन बनवायला लागलेली खनिजं, पाणी आणि ऊर्जाही धरा.

प्रत्येक जुनं खोकं कवटाळून बसा असं माझं म्हणणं नाही. कपॅसिटर फुगलेले, बोर्ड जळलेले, असे खरोखर मेलेले कॉम्प्युटर असतात. त्यांना रीतसर निरोप द्या. माझं म्हणणं इतकंच की मृत्यूचा दाखला देण्याआधी नाडी बघा.

मागणं

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांकडे मागणं साधं आहे. सेल होल्डरमध्ये द्या, मागचं झाकण काढल्यावर दिसेल अशा जागी द्या, तो कुठे आहे याचं चित्र माहितीपुस्तिकेत छापा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांकडे: तारीख चुकल्यामुळे काम अडलं असेल तर तसं लिहा, मराठीतही लिहा, आणि शेजारी "तारीख दुरुस्त करा" असं बटण द्या. इंजिनिअरिंग कॉलेजांकडे: पहिल्या वर्षाला एक तास द्या, प्रत्येकाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्या आणि तो स्फटिक दाखवा. फ्लिप-फ्लॉपचं काउंटर मग जन्मात विसरणार नाहीत. गिऱ्हाइकांकडे, म्हणजे तुमच्याकडे: अचूक निदान करणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये न कुरकुरता द्या. तो टिकला तर तुमचे हजारो वाचतात.

आणि हे सगळं लवकर व्हायला हवं, कारण पुढे याहून मोठी चुकामूक ठरलेली आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणालींचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरून जाईल. पुढच्या सेकंदाला त्यांतल्या दुरुस्त न केलेल्या प्रणाली १९०१ सालात जातील. बऱ्याच प्रणालींवर काम झालंय. पण जिथे झालेलं नसेल त्या दवाखान्यात, कारखान्यात, पाणीपुरवठ्याच्या खोलीत त्या सकाळी कोणीतरी बॅग घेऊन पोहोचेल आणि सांगेल की सगळं म्हातारं झालंय, बदलून टाका. काही ठिकाणी ते खरंही असेल. बाकी ठिकाणी त्याला थांबवून "नेमकं काय बिघडलंय ते दाखव" असं म्हणणारा माणूस लागेल. त्याची तालीम आजच्या ५० रुपयांच्या सेलवर करता येते.